पिंजरा म्हणजे शिक्षाच?
'मांजराला पिंजऱ्यात ठेवणं म्हणजे क्रूरपणा' हे दिवसभर कोंडण्याबद्दल असेल तर मान्य. पण मनीचं नसबंदीचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी दहा दिवस उड्या बंद सांगितल्या, आणि फ्रिजवर झोपणाऱ्या मांजरीला हे समजावणार कोण? आधी स्वस्तात छोटा पिंजरा आणला. त्यात शी-शूसाठी रेतीचा ट्रे ठेवल्यावर जागाच उरेना, बाईसाहेब ट्रेमध्येच बसून राहिल्या, टाके रेतीत! शेवटी तीन फुटी घेतला. ट्रे एका टोकाला, खाणं-पाणी दुसऱ्या टोकाला, कारण शेजारी ठेवलं की मांजरं बरेचदा जेवणाला तोंड लावत नाहीत. वरची फळी काढून टाकली, नाहीतर उड्या आतच सुरू.

पिंजऱ्याच्या तळाबद्दलही लिहितो. तळाला नुसत्या सळ्या असतील तर पंजे दुखतात, नखं अडकतात. मी प्लायवूड टाकून वर जुनी सतरंजी अंथरली. तीन बाजूंनी चादर टाकल्यावर तिचं ओरडणंही थांबलं. ऑपरेशनच्या आठवडाभर आधीपासून दार उघडं ठेवून आत खाऊ द्यायचो, त्याचा फार उपयोग झाला. टाके निघून वर्ष झालं, पिंजऱ्याचं दार काढून ठेवलंय, दुपारची झोप मात्र अजून तिथेच.