मदत हवी आहे: मेंदूच्या भागांची नावं एका तक्त्यात कशी बसवावी?

विश्वामित्री:

नमस्कार मंडळी,

मी बडोद्यात मानसशास्त्रात पीएचडी करते आहे. विषय उतारवयातलं नैराश्य. एमआरआय वापरून आजवर झालेले अभ्यास एका तक्त्यात गोळा करायचे आणि मेंदूचा कोणता भाग त्यांत पुन्हा पुन्हा येतो ते बघायचं, असं काम आहे. पण 'भाग' या कॉलममध्ये लिहायचं काय, इथेच गाडं अडलंय.

सिंग्युलेट म्हणजे मेंदूच्या आतल्या बाजूची एक लांबट घडी. एका पेपरात तिच्यासाठी 'डॉर्सल अँटिरियर सिंग्युलेट' आहे, दुसऱ्यात 'मिडसिंग्युलेट'. दिलेले कोऑर्डिनेट्स (मेंदूतली जागा सांगणारे तीन आकडे) नकाशावर टाकले तर दोन्ही ठिपके जवळजवळ एकमेकांवर पडतात. 'डीएलपीएफसी'चं, म्हणजे कपाळामागच्या मेंदूच्या वरच्या-बाहेरच्या भागाचं, बरोबर उलट: नाव एक, जागा वेगवेगळ्या. कोणी त्याला ब्रॉडमनच्या जुन्या नकाशातले 9 आणि 46 नंबरचे विभाग म्हणतं, एएएल ॲटलासवाले (ॲटलास म्हणजे मेंदूचा विभागवार नकाशा) अख्खा मिडल फ्रंटल जायरस, म्हणजे तिथली एक घडी, घेतात, आणि डेसिकन-किलियानी ॲटलासमध्ये त्याच जायरसचे रॉस्ट्रल (पुढचा) आणि कॉडल (मागचा) असे दोन तुकडे पाडलेत. नुसत्या नावावरून बेरीज केली तर सिंग्युलेटचा पुरावा दोन ओळींत विभागला जाईल आणि डीएलपीएफसीचा नसलेला पुरावा उभा राहील. हे मला फार टोचतं, कारण नैराश्यावर टीएमएस (डोक्याबाहेरून चुंबकीय लहरी देण्याचा उपचार) देताना चुंबकीय कॉइल नेमकी याच डाव्या डीएलपीएफसीवर धरतात. अमेरिकेत 2008 पासून त्या उपचाराला मान्यता आहे. तिथे एक-दोन सेंटिमीटर म्हणजे किरकोळ गोष्ट नाही.

सगळं ब्रॉडमनच्या नंबरांत आणावं असं गाइड मॅडमचं मत आहे. त्यावर वाचायला घेतलं आणि पंचाईत वाढली. ब्रॉडमनने 1909 साली मायक्रोस्कोपखाली पेशींचे थर बघून विभाग पाडले. नंबर 52 पर्यंत जातात, पण माणसाच्या नकाशात 13 ते 16 नाहीतच. आपल्या नेहमीच्या एमआरआयमध्ये पेशींचे थर दिसत नाहीत. मग पेपरांत छापलेला 'बीए 46' (ब्रॉडमनचा 46 नंबर) येतो कुठून? बऱ्याचदा 1988 च्या तालेराक-तुर्नू ॲटलासमधून. तो ॲटलास एकाच, साठीतल्या बाईच्या मेंदूवरून बनलाय आणि त्यात ब्रॉडमनच्या चित्राशी नजरेने ताडून नंबर लावलेत. मी ज्यांचा अभ्यास करते त्या सत्तरी-पंचाहत्तरीच्या लोकांच्या मेंदूत तर आकुंचनही असतं.

न्यूरोनेम्स, उबेरॉन आणि 2017 ची टर्मिनोलॉजिया न्यूरोॲनाटॉमिका या नावांच्या प्रमाण याद्या चाळून झाल्या. यातलं प्रमाण कोणतं धरू? आणि जे नाव नीट बसत नाही त्याची नोंद कशी ठेवू? माझ्यानंतर लॅबमधल्या मुलींना हा तक्ता विश्वासाने वापरता यावा, एवढी इच्छा आहे.

सल्कस:

एकच प्रमाण ॲटलास निवडून सगळं त्यात कोंबू नका, ही कळकळीची विनंती. जर्मनीतल्या यूलिखचा ॲटलास दहा मृत व्यक्तींच्या मेंदूचे काप मायक्रोस्कोपखाली बघून सुरू झाला. ग्लासर आणि मंडळींनी 2016 मध्ये प्रत्येक अर्धगोलात 180 विभाग पाडले, ते 210 निरोगी तरुणांच्या एमआरआयवरून. एएएल मुख्यतः घड्यांवर आखलाय, तोही एकाच माणसाच्या मेंदूवर. कसोट्याच वेगळ्या, तर सीमा जुळणार कशा?

लेखकाने वापरलेलं नाव जसंच्या तसं ठेवा. शेजारी ॲटलास आणि त्याची आवृत्ती. आवृत्ती टाळू नका: एएएलच्या तिसऱ्या आवृत्तीत 35, 36 आणि 81, 82 हे नंबर रिकामे सोडलेत, कारण तिथले सिंग्युलेट आणि थॅलॅमस (मेंदूच्या मध्यातला एक भाग) नव्याने विभागून पुढचे नंबर दिले. मग कोऑर्डिनेट्स, आणि ते तालेराकचे की एमएनआयचे (माँट्रियलच्या संस्थेने अनेकांच्या स्कॅनवरून बनवलेला प्रमाण मेंदू). इथे लेखकावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. 'तालेराक' लिहिलेलं असतं आणि स्कॅन बसवलेले असतात एमएनआयवर, असं सर्रास सापडतं. पद्धतीच्या परिच्छेदात सॉफ्टवेअर बघा. एसपीएम या स्कॅन-विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरची 99 किंवा त्यानंतरची आवृत्ती असेल आणि रूपांतर केल्याचा उल्लेख नसेल तर बहुधा एमएनआयच. एमएनआयचा मेंदू आकाराने मोठा आहे, त्यामुळे कडेच्या भागांत फरक चांगलाच जाणवतो.

मांडवीकर:

अगं, हा तर आमच्या धंद्यातला प्रश्न. मी ग्रंथालयात आयुष्य काढलं. सयाजीराव महाराजांनी 1910 मध्ये ग्रंथपाल बॉर्डन यांना अमेरिकेहून बोलावलं आणि त्यांनी बडोद्यासाठी कटर आणि ड्यूई या दोन पद्धतींतून वेगळी वर्गीकरण पद्धत बांधली. तेव्हा 'याची पद्धत की त्याची' यावर अडून बसायची गरज नसते. तालिकेत एकाच लेखकाची दोन नावं असली की एक मुख्य धरायचं आणि दुसऱ्याच्या कार्डावर 'पाहा' लिहायचं. विषय थोडे एकमेकांत शिरत असतील तर 'हेही पाहा'. जुनं कार्ड मात्र कधी फाडायचं नाही. तुझ्या तक्त्यात 'संबंध' असा कॉलम घाल: तोच भाग, त्याच्या पोटातला भाग, अर्धवट सामाईक.

सल्कस:

काकांना अनुमोदन. उबेरॉनची मांडणीही अशीच आहे: प्रत्येक रचनेला क्रमांक, समानार्थी नावं आणि 'अमुक तमुकचा भाग' हे नातं. ढोबळ भागांना ते क्रमांक द्या. बारीक तुकड्यांना ॲटलासचंच नाव राहू द्या.

विश्वामित्री:

दोघांचेही मनापासून आभार. 'संबंध' कॉलम आजच घालते. एक शंका उरली. 'अर्धवट सामाईक' कुठे संपतं आणि 'तोच' कुठे सुरू होतं? निम्म्याहून जास्त भाग एकमेकांवर आला की पुरे का? आणि ज्या जुन्या पेपरांत कोऑर्डिनेट्स नाहीत, फक्त नाव आहे, त्यांचं काय?

सल्कस:

सर्वमान्य मर्यादा नाही. दोन्ही ॲटलास एमएनआयवर आणा, डाइस गुणांक (दोन भाग एकमेकांवर किती येतात ते सांगणारा 0 ते 1 मधला आकडा) काढा आणि तो आकडाच तक्त्यात लिहा. मर्यादा निकाल बघण्याआधी ठरवा आणि पेपरात छापा. नुसतं नाव असलेले अभ्यास वेगळ्या शीटमध्ये ठेवा, ठिपका अंदाजाने टाकू नका. लेखकांना मेल करून बघा, पुष्कळ जण फाइल पाठवतात. सिंग्युलेटच्या ओळी भरून झाल्या की इथे टाका, मी तपासून देतो.