शेतपंपाच्या मोबाइल स्टार्टरचं मराठी मॅन्युअल लिहायचंय, सुरुवात कुठून करू?

ओझरची_लेखणी

नमस्कार मंडळी. मी वेबसाइटचा मजकूर, प्रॉडक्ट पेजेस, ब्लॉग असलं काम करते. आता एका छोट्या कंपनीकडून वेगळंच काम आलंय. ते शेतपंपाचा मोबाइल स्टार्टर बनवतात, म्हणजे स्टार्टरच्या पेटीत बसणारं डिव्हाइस, आत सिम, फोनवर ॲप, आणि ॲप नसेल तर एसएमएस किंवा मिस कॉल देऊनपण मोटर चालू-बंद होते. त्यांना हवंय पेटीत टाकायचं छापील मॅन्युअल मराठीत, ॲपमधली मदतीची पानं, आणि शिवाय एक पान डेव्हलपर लोकांसाठी, कारण एक ठिबकवाली कंपनी हे डिव्हाइस स्वतःच्या सिस्टिमला जोडणार आहे.

इंजिनिअर लोकांनी इंग्रजीत मसुदा दिलाय, त्यात सगळी फीचर्सची यादी, शेड्यूल, टायमर, ड्राय रन प्रोटेक्शन, सिंगल फेजिंग, ओव्हरलोड, सगळं आहे, पण रात्री लाइट आली आणि ॲपवर 'ऑफलाइन' दिसतंय तर माणसाने काय करायचं हे कुठेच नाही. विचारलं तर उत्तर आलं, नेटवर्क आलं की होईल सुरू. आमच्या घरी द्राक्षबाग आहे, पाण्याची पाळी हुकली की काय होतं ते मी बघितलंय, त्यामुळे आहे तसं मराठीत उतरवून द्यायला मन घेत नाही.

क्रम काय ठेवू, छापायचं काय आणि ऑनलाइन ठेवायचं काय, आणि डेव्हलपरच्या पानात काय असलंच पाहिजे? ज्यांनी असं काम केलंय किंवा असली डिव्हाइसेस वापरलीत त्यांनी सांगा प्लीज.

तीनफेज_पंढरपूर

ताई बरं झालं विचारलं. मी पंढरपूर-माळशिरस भागात स्टार्टर बसवायचं आणि रिपेअरचं काम करतो, बऱ्याच कंपन्यांचे बसवलेत. पहिलं म्हणजे तुमचं पुस्तक एकजण वाचत नाही. डिव्हाइस बसवतो वायरमन, वापरतो शेतकरी, आणि ॲप असतंय पुण्यात नोकरीला असलेल्या पोराच्या मोबाइलात, तो तिथनं बटण दाबतो आणि इकडं वडील विहिरीवर. तिघांना एकच मजकूर दिला की कुणालाच कळत नाही. वायरमनला चित्र पाहिजे, कुठली वायर कुठल्या टर्मिनलला, डीओएल स्टार्टरला कसं आणि स्टार डेल्टाला कसं (हे स्टार्टरचे दोन प्रकार), बास. त्याला ॲप शिकवू नका.

आणि ह्यातनंच सगळ्यात मोठी गोष्ट येते ती पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात घ्या. मोटरीला, केबलला, पेटीला हात लावायच्या आधी मेन स्विच पाडायचा आणि किटकॅट (फ्यूज) काढून खिशात ठेवायचे. ॲपमधनं ऑफ केलं म्हणजे लाइट बंद झाली असं नसतंय, कॉन्टॅक्टरच्या, म्हणजे मोटरीला लाइट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचच्या, अलीकडं तिन्ही फेज जिवंत असतात, आणि ऑटोला टाकलेलं असलं तर लाइट आली की मोटर आपली आपण चालू होती, नाहीतर पोरगं लांबून बटण दाबतंय, त्याला काय माहीत वडिलांनी पेटी उघडलीय. ही सूचना मी एका मॅन्युअलात शेवटच्या पानावर बारीक टायपात बघितली, माझं डोकंच फिरलं. तिथं कोण बघणार आहे?

दुसरं सिम. आत टूजी मॉड्यूल असेल तर जिओचं सिम चालत नाही, जिओला टूजी नाहीच. लोक घरात पडलेलं सिम आणून घालतात आणि डिव्हाइस खराब म्हणून परत पाठवतात. कुठलं सिम चालतं ते पेटीच्या बाहेरच्या बाजूला छापायला सांगा कंपनीला. सिमचा पिन लॉक आधी साध्या मोबाइलमधे घालून काढायचा. रिचार्ज संपला की आधी आउटगोइंग जातं, इनकमिंग अजून काही दिवस चालतं, म्हणजे मिस कॉल लागतो, मोटर चालू होती, पण 'चालू झाली' असा उलटा एसएमएस येत नाही, आणि माणूस परत परत कॉल देत बसतो. प्रत्येक मिस कॉलला एकदा चालू एकदा बंद असं असेल तर मोटरीची काय वाट लागते बघा. ट्रायने, म्हणजे टेलिकॉमच्या सरकारी नियामकानं, २०२४ च्या डिसेंबरात नुसत्या कॉल-एसएमएसच्या पॅकचा नियम केलाय, ३६५ दिवसांपर्यंतची मुदत, ज्याला एसएमएसवरच चालवायचंय त्याला ते पुरतं, पण ॲप पाहिजे तर डेटा लागणारच. एवढं स्पष्ट लिहा.

माझं मत विचाराल तर सगळं छापा. विहिरीवर रेंज नसती, ऑनलाइन कोण उघडणार.

शब्द_आणि_स्क्रू

तीनफेज दादांनी लिहिलेलं ते इंजिनिअरांच्या मसुद्यापेक्षा किती कामाचं आहे बघा, तुम्हाला आणखी असे दोनतीन लोक भेटले तर गूगल करायची गरज नाही.

मी पुण्यात टेक्निकल रायटर आहे, घरातल्या वायफाय स्विचेस आणि सेन्सरसाठी लिहिते. क्रमाबद्दल माझं अगदी ठाम मत आहे. फीचर्सची यादी सध्या उघडूच नका, आधी अवस्थांचा तक्ता करा. उभ्या बाजूला परिस्थिती: थ्री फेज आहे पण टॉवर नाही, टॉवर आहे पण थ्री फेज गेली, दोन्ही आहे पण कंपनीचा सर्व्हर बंद, सगळं ठीक पण बघणाऱ्याच्या फोनचंच नेट गेलंय. आडव्या बाजूला प्रश्न: चालू मोटर चालूच राहते का, टायमर डिव्हाइसच्या आत चालतो की सर्व्हरवर, स्टार्टरचं हिरवं बटण हाताने दाबलं तर मोटर उचलते का, पेटीवरचा दिवा काय दाखवतो, ॲपवर काय दिसतं. हा तक्ता घेऊन इंजिनिअरांसमोर बसा. काही रकाने त्यांनाही भरता येणार नाहीत, कारण तसा विचारच केलेला नसतो, मग डिव्हाइस टेबलावर ठेवून अँटेना काढायची आणि बघायचं काय होतंय. दोन तासांचा टायमर लावला आणि मधेच टॉवर गेला, तर मोटर दोन तासांनी बंद पडणार की रात्रभर उपसत राहणार? हे ज्या मॅन्युअलमधे नाही ते मॅन्युअल अपुरं आहे, मग त्यात शंभर स्क्रीनशॉट असोत.

आता छपाई. दादा, सगळं छापायला माझा विरोध आहे. वायरिंग, सुरक्षितता, सिम, दिव्यांचे अर्थ, रिसेट आणि एसएमएसच्या कमांड छापायच्या, कारण त्या बदलत नाहीत, आणि त्या एका जाड कागदावर लॅमिनेट करून पेटीच्या दाराला आतून चिकटवता येतील एवढ्याच ठेवायच्या. ॲपच्या पायऱ्या छापू नका. ॲपचं अपडेट आलं की बटणाची जागा बदलते आणि गोदामात पडलेली सगळी पुस्तकं चुकीची होतात. आणि बदल नुसता कंपनीच्या ॲपमधेच होत नाही हो, फोनमधेही होतो. तुमच्या डिव्हाइसला ब्लूटूथने सेटअप असेल तर अँड्रॉइड ११ पर्यंत ॲप लोकेशनची परवानगी मागतं, १२ पासून जवळच्या डिव्हाइसची वेगळी परवानगी आली. लोकेशन मागितलं की लोक घाबरतात आणि नाही म्हणतात, मग डिव्हाइस सापडतच नाही. तिथे 'परवानगी द्या' एवढंच लिहून भागत नाही, का मागतोय हे एका ओळीत लिहायचं, आणि कंपनी लोकेशन साठवत असेल तर तेही लिहायचं. वायफायवाल्यांचं आणखी एक, सेटअपच्या वेळी फोन डिव्हाइसच्या हॉटस्पॉटला जोडला की अँड्रॉइड विचारतो की इथे इंटरनेट नाही, तरी राहायचं का, आणि माणूस सवयीने नाही दाबतो, फोन परत घरच्या वायफायवर. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींतला मोठा वाटा या एका प्रश्नाचा असतो, म्हणून मी ती सूचना त्या पायरीच्या आधी देते, नंतर देऊन उपयोग नाही.

रेंज नसण्याचा मुद्दा मात्र बरोबर आहे. त्यावर उपाय म्हणजे ॲपची मदत ॲपच्या आतच ठेवायची, नेट नसताना उघडेल अशी, आणि तीच पानं हलक्या पीडीएफमधे, व्हॉट्सॲपवर पुढे पाठवता येतील अशी. प्रत्येक पानावर ॲपचं व्हर्जन आणि तारीख, नाहीतर तीन वर्षांपूर्वीची पीडीएफ गावात फिरत राहते.

ब्रोकर_चालू_आहे

फर्मवेअरचं, म्हणजे डिव्हाइसच्या आतल्या सॉफ्टवेअरचं काम करतो, डेव्हलपरच्या पानाबद्दल लिहितो. तुमचं डिव्हाइस सर्व्हरशी मेसेजची देवाणघेवाण करायला बहुतेक एमक्यूटीटी वापरत असणार, विचारून घ्या. हा प्रोटोकॉल १९९९ मधे आयबीएमचे अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि अर्कॉमचे आर्लेन निपर यांनी तेलाच्या पाइपलाइनींवर उपग्रहातून लक्ष ठेवायला बनवला, म्हणजे कनेक्शन महाग आणि तुटकं असणार हे धरूनच बनवलाय, त्यामुळे शेतात चांगला चालतो. पण त्याच्या याच सोयी मोटरीच्या बाबतीत धोकादायक होतात आणि ते डॉक्युमेंटमधे नसलं तर ठिबकवाल्यांचा डेव्हलपर नक्की अडकणार.

रिटेन फ्लॅग, म्हणजे शेवटचा मेसेज जपून ठेवायची खूण. चालू करायची कमांड रिटेन लावून पाठवली तर ब्रोकर, म्हणजे मेसेज पोचवणारा मधला सर्व्हर, ती धरून ठेवतो, आणि डिव्हाइस परत जोडलं जाऊन सबस्क्राइब झालं की लगेच हातात देतो. म्हणजे काल दुपारची कमांड आज पहाटे लाइट आल्यावर मोटर चालू करणार. तसंच पर्सिस्टंट सेशन (कनेक्शन तुटलं तरी ब्रोकर डिव्हाइसची नोंद ठेवतो ते) असेल तर डिव्हाइस ऑफलाइन असताना क्यूओएस १ ने (पोचल्याची पावती मागून) पाठवलेल्या कमांड रांगेत थांबतात आणि कनेक्ट झाल्यावर एकामागून एक येतात. तीनफेज दादा म्हणतात ते वडील पेटी उघडून बसलेत, आणि ही तासांपूर्वीची कमांड येऊन आदळते. म्हणून ठळक लिहा: कमांडच्या टॉपिकवर (मेसेजच्या पत्त्यावर) रिटेन वापरायचा नाही, प्रत्येक कमांडमधे वेळ पाठवायची आणि डिव्हाइस किती सेकंदांपेक्षा जुनी कमांड टाकून देतं तो आकडा द्या. एमक्यूटीटी ५ असेल तर त्यात मेसेजची मुदत ठरवायची सोय आहे, जुन्या ३.१.१ मधे नाही, तिथे फर्मवेअरलाच बघावं लागतं. म्हणून कुठलं व्हर्जन तेही पहिल्याच परिच्छेदात.

क्यूओएस १ चा अर्थ किमान एकदा पोचेल, म्हणजे दोनदाही पोचू शकतो. म्हणून कमांड 'चालू' किंवा 'बंद' अशीच हवी, 'आहे त्याच्या उलट कर' अशी नको. एपीआयमधे (दुसऱ्या सिस्टिमने वापरायच्या कमांडच्या संचात) तशी कमांड असेल तर इंजिनिअरांशी भांडा.

आणि 'ऑनलाइन' दिसणं. लाइट गेली की डिव्हाइस निरोप न घेता गायब होतं, ब्रोकर कीप अलाइव्हच्या (डिव्हाइसने जास्तीत जास्त किती वेळाने 'मी आहे' सांगायचं त्या मुदतीच्या) दीडपट वेळ वाट बघतो आणि मग लास्ट विल, म्हणजे 'डिव्हाइस गेलं' असा आधीच ठेवलेला मेसेज, पाठवतो. कीप अलाइव्ह ६० सेकंद असेल तर ९० सेकंदांपर्यंत ॲपवर ऑनलाइनच दिसणार. हा आकडा वापरणाऱ्याच्या मदतीतही घ्या, साध्या भाषेत.

सगळ्यात महत्त्वाचं, कमांड पोचली, कॉन्टॅक्टर ओढला गेला, मोटरने करंट घेतला आणि पाइपातून पाणी आलं या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. तुमचं डिव्हाइस यातलं नेमकं काय मोजतं ते शोधा, आणि ॲपमधे 'चालू' लिहिलंय म्हणजे यातलं कुठलं ते दोन्हीकडे लिहा.

रेडिंगकर

मी इंग्लंडमधे आहे, कनेक्टेड डिव्हाइसच्या सिक्युरिटी टेस्टिंगमधे. एकच मुद्दा. एसएमएसच्या कमांडमधे पासवर्ड असतो ना, तो सगळ्या डिव्हाइसना एकच १२३४ असेल आणि तुम्हाला तो मॅन्युअलमधे छापायला सांगितला तर थांबा आणि विचारा. २०१६ मधे मिराई नावाच्या मालवेअरने जगभरचे कॅमेरे आणि राउटर असेच पकडले, कंपनीने लावून दिलेल्या यूजरनेम-पासवर्डची यादी घेऊन एकेक लावून बघायचं, बाकी काही नाही. इथे ब्रिटनमधे २९ एप्रिल २०२४ पासून घरगुती स्मार्ट वस्तूंना असा सरसकट पासवर्ड ठेवायला कायद्याने बंदी आहे, शिवाय दोष कळवायला पत्ता आणि सिक्युरिटी अपडेट किमान कधीपर्यंत मिळणार ती मुदत जाहीर करावी लागते. भारतात विकायच्या डिव्हाइसला हा कायदा लागू नाही, तरी या तिन्ही गोष्टी मॅन्युअलमधे हव्याच. शेतकरी एवढे पैसे घालतोय, अपडेट किती वर्षं मिळणार हे त्याला विकत घ्यायच्या आधी कळलं पाहिजे.

मालक बदलण्याचं पानही ठेवा. जमीन वाट्याने दिली, मोबाइल नंबर बदलला, डिव्हाइस दुसऱ्याला विकलं, तर जुना नंबर कसा काढायचा. ते नसलं तर जुन्या माणसाच्या मिस कॉलवर नव्या माणसाची मोटर चालू होते.

ओझरची_लेखणी

खूप खूप आभार सगळ्यांचे, मी प्रिंट काढून तक्ता घेऊन गेले होते ऑफिसात. टायमर डिव्हाइसच्या आतच चालतो हे कळलं, म्हणजे टॉवर गेला तरी मोटर वेळेवर बंद होते, आणि एवढी चांगली गोष्ट त्यांच्या मसुद्यात कुठेच नव्हती! पासवर्डचं मात्र खरं निघालं, सगळ्यांना एकच आहे. मी सांगितलंय की हे असं छापणार नाही, आता ते पहिल्या एसएमएसलाच नवा पासवर्ड मागायचा असं करतायत. मिस कॉलने चालू-बंद आलटून पालटून होतं, ते बदलायला तयार नाहीत अजून, पण एक मिस कॉल आल्यावर एक मिनिट दुसरा घ्यायचा नाही एवढं मान्य झालंय.

'ऑफलाइन'चा मजकूर असा केलाय, बघा जरा:

"ॲपवर ऑफलाइन दिसत असेल तर मोटर बंद आहे असं समजू नका. ती चालूही असू शकते. लावलेला टायमर ठरल्या वेळी मोटर बंद करेल. आत्ताच बंद करायची असेल तर डिव्हाइसच्या नंबरवर बंदचा एसएमएस पाठवा. दोन मिनिटांत उत्तर आलं नाही तर स्टार्टरचं लाल बटण दाबून बंद करा."

तीनफेज_पंढरपूर

चांगलं झालंय, फक्त शेवटची ओळ पुण्यातल्या पोराला काय उपयोगाची? तो लाल बटण कसं दाबणार. त्याच्यासाठी लिहा की शेतावरच्या माणसाला फोन लावा, आणि सेटअप करतानाच शेजारच्या रानातल्या एकाचा नंबर ॲपमधे घालायला सांगा. आणि आधी पेटीवरचा दिवा बघायला लावा, दिवाच नसेल तर थ्री फेज गेलीय, मग एसएमएसची वाट बघत बसायचं कारण नाही. डिव्हाइसमधे बॅटरी आहे का तेवढं विचारा, असेल तर लाइट गेल्यावरपण दिवा राहणार, मग ही ओळ बदलावी लागंल.

मॅन्युअलचा कच्चा कागद झाला की इकडं पाठवा. आमच्यातल्या एका नव्या वायरमनला देतो, मी शेजारी उभा राहतो पण काय बोलत नाही, आणि तो जिथं अडकंल तिथं पेनानं खूण करून फोटो टाकतो.