दाताच्या इंजेक्शनची ‘अ‍ॅलर्जी’ चाचणीत आली नाही, मग त्रास कशाने झाला?

प्रश्न :
दाढ काढण्यासाठी हिरडी बधिर करण्याचे इंजेक्शन दिल्यावर मिनिटभरातच माझ्या आईची छाती धडधडू लागली, ओठांना मुंग्या आल्या आणि घसा आवळल्यासारखा झाला. तेव्हापासून तिच्या केसपेपरवर ‘लिग्नोकेनची (म्हणजे बधिर करणाऱ्या त्या औषधाची) अ‍ॅलर्जी’ अशी नोंद आहे; परंतु नंतर अ‍ॅलर्जीतज्ज्ञांनी केलेल्या चाचणीत काहीही आढळले नाही. “म्हणजे मी नाटक केलं का?” असे ती विचारते, आणि तिला काय सांगावे ते मला सुचत नाही.

प्रतिसाद १ :
नाटक मुळीच नव्हे, हे त्यांना आधी सांगा. लिग्नोकेनची खरी अ‍ॅलर्जी फार दुर्मीळ असते. या इंजेक्शनात पुष्कळदा अ‍ॅड्रिनॅलिन मिसळलेले असते आणि त्यानेही धडधड होते. त्यात भीतीने श्वास जलद झाला की रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होऊन ओठांना व बोटांना मुंग्या येतात. अंगावर गांधी उठणे, ओठ किंवा जीभ सुजणे, श्वासात शिट्टीसारखा आवाज येणे, रक्तदाब कोसळणे ही अ‍ॅलर्जीची लक्षणे त्या वेळी होती का?

प्रतिसाद २ :
अपेक्षेमुळे शरीराला होणाऱ्या अशा त्रासाला ‘नोसिबो’ म्हणतात. गुलाबाने दम लागणाऱ्या एका स्त्रीला बाल्टिमोरचे डॉक्टर मॅकेन्झी यांनी कृत्रिम गुलाब दाखवला, तरीही तिला तसाच झटका आला, अशी नोंद 1886 सालची आहे. स्टॅटिनच्या, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या, गोळ्या सोसत नाहीत म्हणून त्या सोडलेल्या 60 रुग्णांना लंडनमधील ‘सॅमसन’ अभ्यासात काही महिने स्टॅटिन, काही महिने औषध नसलेली तशीच गोळी आणि काही महिने काहीच दिले नाही. तेव्हा स्टॅटिनने झालेल्या त्रासापैकी सुमारे 90 टक्के त्रास त्या पोकळ गोळीनेही झाला. ते दुखणे त्या रुग्णांना खरोखरच जाणवत होते, म्हणून ‘मनाचे खेळ’ हा शब्द मला अन्यायकारक वाटतो.

प्रश्नकर्ती :
गांधी किंवा सूज नव्हती, हे आईला आणि मलाही नक्की आठवते. आदल्या रात्री शेजारच्या काकूंनी तिला अशाच इंजेक्शनाने कोणी दगावल्याचे सांगितले होते, हेही आज तिनेच बोलून दाखवले.

प्रतिसाद १ :
मग चाचणीचा अहवाल दाखवून केसपेपरवरील नोंद दुरुस्त करून घ्या, अन्यथा पुढे टाके घालतानाही अडचण होईल. पुढच्या वेळी दंतवैद्यांना हे सारे आधी सांगा, अ‍ॅड्रिनॅलिनविरहित इंजेक्शन देता येईल का ते विचारा आणि आईंना आडवे झोपवूनच ते द्यायला सांगा.