ऑक्टेव्ह मॅन्डोलिन म्हणे खेळणं!

मोकळी तार: "ज्यांना साधं मॅन्डोलिन धड येत नाही, तेच ऑक्टेव्ह आणि मॅन्डोचेलोसारखी खेळणी गोळा करतात." खर्जप्रेमींची ही कालची पोस्ट. (ऑक्टेव्ह म्हणजे मोठं, खालच्या सप्तकाचं मॅन्डोलिन; मॅन्डोचेलो त्याहून खर्जातलं.) सोडून देणार होतो, पण राहवेना. मॅन्डोलिनवर तारेची लांबी १४ इंचांच्या आसपास, ऑक्टेव्हवर २० ते २३. स्वर तेच, जी-डी-ए-ई, फक्त एक सप्तक खाली. मॅन्डोलिनचा सूर लगेच विरतो, म्हणून ट्रेमोलो करत, म्हणजे तीच तार भराभर छेडत बसावं लागतं. इथे एक आघात केला की सूर रेंगाळतो. मी गायकामागे साथ करतो. तिथे मॅन्डोलिन कानात टोचतं. मग खेळणं कुठलं?

खर्जप्रेमी: स्वर तेच, पण बोटं? मॅन्डोलिनवर सातव्या पडद्यावर करंगळी सहज पडते. २२ इंचांवर पाडून दाखवा, मग बोलू. द्रुत गत वाजवताना हात गिटारसारखा सरकवावा लागतो, हे विकणारे सांगत नाहीत. माझा मॅन्डोचेलो "सेटअप करून" आला. खोकं उघडलं तर घोडी (तारांखालचा आधार) आडवी पडलेली! ती चिकटवलेली नसते, तारांच्या दाबावर उभी असते. बाराव्या पडद्यावरचा हार्मोनिक (तारेला नुसता स्पर्श करून काढलेला सूर) आणि दाबलेला सूर जुळवता जुळवता रात्र गेली. वर सी ची जाड तार तुटली, तर सुटी मिळत नाही.

पडदानशीन: मूळ दुखणं वेगळंच आहे. जो तो एफ-स्टाइलच मागतो, म्हणजे खांद्यावर कुरळं शिंग असलेलं मॅन्डोलिन. त्या कुरळ्या शिंगाने आवाजात काडीचा फरक पडत नाही, पैसे नुसते कोरीवकामाचे. बिनशिंगाचं ए-स्टाइल घ्या, वाचलेल्या पैशात अख्ख्या स्प्रूस लाकडाचा टॉप बघा.

झाला: काडीचा नाही? गिब्सन कंपनीत लॉइड लोअरच्या काळात, १९२२ मध्ये एफ-५ मॉडेल आलं, ते काय भिंतीवर टांगायला?

पडदानशीन: लोअरच्या एफ-५ची थोरवी व्हायोलिनसारख्या एफ-होल्समध्ये (एफ आकाराच्या भोकांत), आतल्या टोन बार्समध्ये (टॉपखालच्या लाकडी पट्ट्यांत). शिंग ऑरव्हिल गिब्सनच्या वेळेपासून होतंच. आणि लोअरच्या सहीचं १९२३ चं एक ए-५ सुद्धा आहे. शिंगाशिवाय! त्याला काय म्हणाल?

झाला: अपवाद म्हणेन. आणि पट्टा कुठे अडकवणार, कानाला?

पडदानशीन: एक बटण पुरतं हो. एवढ्यासाठी दुप्पट पैसे?

झाला: ज्याला परवडत नाही त्याला शिंग आंबटच लागणार.

पडदानशीन: माझ्याकडे दोन्ही आहेत, साहेब. डोळे बांधून वाजवतो, ओळखा कुठलं ते.

मोकळी तार: तुमचं शिंगपुराण झालं असेल तर माझा धागा परत द्या. खर्जप्रेमी, कर्नाटक संगीत वाजवणाऱ्या यू. श्रीनिवास यांनी जोडतारांची (एका सुराला दोन तारा) भानगडच ठेवली नाही. एकेरी तारांचं इलेक्ट्रिक मॅन्डोलिन घेतलं, पुढे पाचवी तार लावली आणि त्यावर गमक काढली. त्यांना कोणी म्हणालं का, आधी आठ तारा धड शिका?

खर्जप्रेमी: वा, म्हणजे ऑक्टेव्ह घेणारा प्रत्येक जण श्रीनिवास! बरं, साथीपुरतं ऑक्टेव्ह मान्य, घ्या. पण मागवण्याआधी तारेची नेमकी लांबी आणि तारा लूपच्या (टोकाला फास) लागतात की बॉल-एंडच्या (टोकाला गोळी), एवढं विचारा. नाहीतर तारा याल मागायला माझ्याकडेच.

मोकळी तार: तुमच्याकडे कशाला? सी ची तार तुम्हालाच मिळेना.