कॉलेजच्या लायब्ररीतून वंशभेदावर रिसर्च कसा करायचा? एथनिक स्टडीजचा पेपर आहे

मृण्मयी_के
नमस्कार मंडळी. मी कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजला आहे, या सेमिस्टरला एथनिक स्टडीजचा क्लास घेतलाय. टर्म पेपरसाठी मी विषय दिला "अमेरिकेतला वंशभेद आणि भारतीय लोक", तर मॅडम म्हणाल्या हा फार पसरट होतोय, एखादी केस धर. शिवाय दोन तरी प्रायमरी सोर्स (म्हणजे त्या काळातले मूळ कागद) आणि चार पीअर रिव्ह्यूड (म्हणजे छापण्याआधी इतर तज्ज्ञांनी तपासलेली) आर्टिकल पाहिजेत, नुसत्या वेबसाइट चालणार नाहीत. लायब्ररीच्या साइटवर "रेसिझम" आणि "इंडियन्स" टाकून बघितलं तर ढीगभर रिझल्ट आले, बहुतेक सगळे नेटिव्ह अमेरिकन लोकांबद्दलचे. आमच्या गावाकडच्या कॉलेजात लायब्ररी म्हणजे कार्डावर पुस्तक घ्यायचं नि परत करायचं एवढंच होतं, डेटाबेस हा प्रकार कधी वापरलाच नाही. सुरुवात कुठून करू? पेपर मनापासून करायचाय.

पुस्तकपाळ
मृण्मयी, मी इकडेच एका युनिव्हर्सिटी लायब्ररीत रेफरन्स डेस्कवर आहे. आधी केस घे, मग सर्च कर, उलटं केलंस की असंच होतं. तुझ्यासाठी भगतसिंग थिंडची केस अगदी योग्य आहे. हा पंजाबी शीख माणूस पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात होता. त्या वेळच्या कायद्यात बाहेरून आलेल्यांपैकी फक्त गोऱ्या आणि आफ्रिकन वंशाच्या लोकांना नागरिकत्व मिळायचं. नोव्हेंबर १९२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ओझावा या जपानी माणसाला सांगितलं की गोरा म्हणजे कॉकेशियन, तू तो नाहीस. मग थिंडच्या बाजूने म्हणणं मांडलं की शास्त्रज्ञ उत्तर भारतीयांना कॉकेशियनच म्हणतात, तर १९ फेब्रुवारी १९२३ ला त्याच कोर्टाने सांगितलं की शास्त्र राहू दे, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा. दोन्ही निकाल न्यायमूर्ती सदरलँड यांनीच लिहिलेत, तीन महिन्यांच्या अंतराने! दोन्ही शेजारी ठेवून वाच, तुझे प्रायमरी सोर्स तिथेच झाले. लायब्ररीच्या लीगल डेटाबेसमध्ये २६१ यू.एस. २०४ हा निकालाचा संदर्भ क्रमांक टाकला की थिंडचा निकाल समोर येतो, फार मोठा नाहीये.
आणि लायब्ररियनची अपॉइंटमेंट घेच, फुकट असते. जाताना "रेसिझमबद्दल काहीतरी द्या" असं नको म्हणूस, "थिंडच्या निकालानंतर ज्या भारतीयांचं नागरिकत्व काढून घेतलं त्यांचं काय झालं" असं विचार, मग बघ समोरचा माणूस कसा कामाला लागतो. कपाटांशी जायचं असेल तर लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या वर्गीकरण पद्धतीत ई १८४ आणि ई १८५ हे नंबर या विषयाचे. हवं ते एक पुस्तक मिळालं तरी आजूबाजूची चाळून बघ, शेवटची संदर्भसूची तर नक्की, निम्मे सोर्स तिथेच मिळतात.

विदर्भकर
पुस्तकपाळताईंनी छान सांगितलं. माझी भर जुन्या पेपरांबद्दल. "क्रॉनिकलिंग अमेरिका" आणि "कॅलिफोर्निया डिजिटल न्यूजपेपर कलेक्शन" हे जुन्या पेपरांचे ऑनलाइन संग्रह दोन्ही फुकट आहेत, पण तिथे आजचे शब्द टाकून काही हाती लागत नाही. तेव्हाचे पेपर भारतातल्या प्रत्येकाला, शिखांनासुद्धा, हिंदूच म्हणायचे, तेही कधी शेवटी यू लावून, कधी दोन ओ लावून, म्हणून दोन्ही स्पेलिंग टाक आणि तारखेची मर्यादा घाल. ४ सप्टेंबर १९०७ ला वॉशिंग्टन राज्यात बेलिंगहॅमला गोऱ्या जमावाने लाकडाच्या गिरण्यांतल्या पंजाबी कामगारांना मारहाण करून गावाबाहेर हाकललं, त्या आठवड्यातल्या बातम्या काढून वाच, राग येईल पण वाच, कारण काही ठिकाणी मारणाऱ्यांचीच बाजू घेतलेली दिसते. आपले वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे त्यानंतर काही वर्षांनी त्याच पट्ट्यात शेतकी शिकत होते आणि पुढे इंग्रजांविरुद्धच्या गदर चळवळीत होते, तेव्हा हे काही आपल्यापासून फार लांबचं नाही.
साडा म्हणजे साउथ एशियन अमेरिकन डिजिटल अर्काइव्ह पण बघ. वैष्णो दास बगाईंचे कागद तिथे आहेत. सॅन फ्रान्सिस्कोत दुकान होतं त्यांचं, थिंडच्या निकालानंतर नागरिकत्व गेलं, १९२८ मध्ये त्यांनी जीव दिला. त्यांचं शेवटचं पत्र वाचल्याशिवाय पेपर लिहू नकोस.

तेजोमयी
एक गोष्ट मात्र गाळू नकोस. थिंडच्या बाजूने कोर्टात जो युक्तिवाद झाला त्यात आपण उच्चवर्णीय आर्य आहोत, आणि लग्नाच्या बाबतीत उच्चवर्णीय हिंदू भारतातल्या मूलनिवासींकडे तसंच बघतो जसं गोरा अमेरिकन काळ्यांकडे, असं चक्क म्हटलंय. म्हणजे वंशभेदाविरुद्ध लढताना जातच पुढे केली. बऱ्याच पेपरांत थिंड नुसता बिचारा म्हणून येतो, ते अर्धंच झालं. याच्या शेजारी बाबासाहेबांचं पत्र ठेव. १९४६ मध्ये त्यांनी काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारे अमेरिकन विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना लिहिलं होतं, काळ्या लोकांच्या संघटनेने युनोकडे दिलेल्या अर्जाची प्रत मागायला, आणि अस्पृश्यांची स्थिती नि तुमची स्थिती यांत खूप साम्य आहे असं त्यात म्हटलंय. पत्र आणि ड्यू बॉइसचं उत्तर दोन्ही युनिव्हर्सिटी ऑफ मॅसॅच्युसेट्स, ॲमहर्स्टच्या लायब्ररीत आहेत आणि ऑनलाइन कुणालाही बघता येतात. पत्र एका पानाचंच आहे, पण कामाचं आहे.

मृण्मयी_के
थँक्यू सगळ्यांना, दोन्ही निकाल वाचले, डोकं सुन्न झालं. तेजोमयी, तुमचा मुद्दाच पेपरचा मध्य करतेय, मॅडमना मेल पण टाकला. आता अडचण अशी की एक आर्टिकल उघडलं तर पैसे मागतंय, एक पुस्तक आमच्या लायब्ररीत नाहीच, आणि एआयला विचारून तीन आर्टिकलची नावं घेतली होती त्यातली दोन कुठेच सापडत नाहीयेत.

पुस्तकपाळ
ती दोन सोडून दे, बहुतेक ती कधी लिहिलीच गेली नसणार, आमच्याकडे असे मनानेच रचलेले संदर्भ घेऊन मुलं रोज येतात. जे नाव कॅटलॉगमध्ये किंवा डेटाबेसमध्ये डोळ्यांनी दिसलं नाही ते पेपरात घालू नकोस. आर्टिकलला पैसे कधीच भरू नकोस! गुगलवरून न जाता लायब्ररीच्या साइटवरून कॉलेजच्या लॉगिनने जेस्टोर या आर्टिकलांच्या डेटाबेसमध्ये शिर, बऱ्याचदा तेच आर्टिकल पूर्ण उघडतं. तिथेही नसेल तर इंटरलायब्ररी लोनचा फॉर्म भर, स्कॅन केलेली पीडीएफ मेलवर येते, पुस्तक मात्र दुसऱ्या कॉलेजातून यायला आठवडा-दोन आठवडे लागतात, तर तो फॉर्म आजच भर. आणि हो, सखाराम गणेश पंडित हे नाव पण शोध. थिंडचे वकील तेच होते, नंतर सरकार त्यांच्याच नागरिकत्वामागे लागलं, ती केस ते जिंकले, आणि त्यानंतर बाकीच्या भारतीयांवरचे खटले थंडावले. मॅडमना हे माहीत असेलच असं नाही.