भाजलेली नळी (मज्जेचे हाड): आपापल्या स्वयंपाकघरातले अनुभव सांगावेत

मांडवीकाठची:
गोव्यात मासेमारीबंदी लागली की आमच्या घरी रविवारच्या जेवणाचा प्रश्न उभा राहतो. १ जून ते ३१ जुलै या काळात बाजारात मिळणारा मासा एकतर खाडीतला असतो नाहीतर बर्फातला, आणि दोन्हींचे भाव ऐकून माणूस आपोआप मटणाकडे वळतो. गेल्या रविवारी मीही अशीच वळले होते, तेव्हा कोल्ड स्टोरेजवाला (मटणाचा दुकानदार) विजेच्या करवतीवर रेड्याच्या मांडीचे हाड उभे चिरत होता. दोन्ही फाकांमधली ती फिकट गुलाबी मज्जा पाहिली आणि आजोबांची आठवण झाली. फोंड्याला आमच्या माहेरी बोकडाच्या शागोतीतल्या (मसालेदार रश्श्यातल्या) सगळ्या नळ्या त्यांच्या पानात जात. ते नळी ताटाच्या कडेवर आपटत, ओठ लावून जोराने ओढत आणि आवाजाबद्दल कोणी काही बोलले तर दुसरी नळी उचलत.

माहेरी रेड्याचे मांस कधी आले नाही. सासरी ते येते, म्हणून मी तेच हाड घेतले. मिठाच्या थंड पाण्यात घालून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवले, पाणी लाल झाले की बदलले. दुसऱ्या दिवशी कोरडे पुसून, मज्जेची बाजू वर ठेवून, आधीच २२० अंशांवर तापवलेल्या ओटीजीत (विजेच्या छोट्या भट्टीत) भाजले. सुमारे १८ मिनिटांत मज्जा हाडाच्या कडेपासून सुटू लागली, वर बारीक बुडबुडे आले आणि सुरीचे टोक अडथळ्याशिवाय आत गेले. त्या क्षणी ट्रे बाहेर काढावाच लागतो, कारण आणखी पाच-सात मिनिटे ठेवली तर मज्जा वितळून ट्रेमध्ये उतरते आणि हाताशी कोरडे हाड उरते. माझे मत असे झाले आहे की या पदार्थाला कौशल्य फारसे लागत नाही, खाणारे आधी पानावर बसलेले लागतात. आमच्याकडे सगळ्यांना हाक मारून बसवले आणि मगच ओटीजी उघडला.

आपण हे घरी कसे करता, कशाबरोबर वाढता, आणि घरातल्या मोठ्यांनी काय म्हटले, ते कृपया सविस्तर लिहावे.

आगरवाडा:
ताई, आपण कशाबरोबर वाढले ते लिहायचे राहिले, आणि माझ्या मते सगळा पदार्थ तिथेच ठरतो. भाजलेली मज्जा म्हणजे जवळजवळ निव्वळ चरबी. तिच्याजवळ आंबट आणि खारट काही नसेल तर तिसऱ्या घासाला तोंड मिटते. लंडनमध्ये १९९४ साली सुरू झालेल्या सेंट जॉन या उपाहारगृहात फर्गस हेंडरसन यांनी भाजलेल्या नळ्यांबरोबर पार्सलीच्या पानांची कोशिंबीर दिली, तिच्यात केपर नावाच्या खारवलेल्या कळ्या, लहान कांदे आणि लिंबू, बाजूला भाजलेला पाव आणि जाड मीठ. आज जगभर हा पदार्थ बहुतेक त्याच मांडणीने वाढला जातो. आमच्याकडे पार्सली कोण आणणार? मी कोथिंबिरीची कोवळी पाने देठांसकट ठेवतो, पातळ चिरलेला कांदा माडाच्या सुरेच्या (माडीच्या) व्हिनेगरमध्ये दहा मिनिटे बुडवतो, आणि केपरच्या जागी चेपणीतली (मिठाच्या पाण्यात मुरवलेली) तोरां, म्हणजे कोवळ्या कैऱ्या, बारीक चिरून घालतो. मिठात वर्षभर मुरलेल्या त्या कोवळ्या कैरीचा खारट-आंबटपणा मज्जेला इतका शोभतो की मला आता मूळ कृतीच अपुरी वाटते. हे म्हणणे थोडे आगाऊपणाचे आहे, पण आमच्या तोरांपुढे मी नम्र राहू शकत नाही.

मीठ मात्र आगरातले घ्यावे. आमच्या गावची मिठागरे पावसाळ्यात पाण्याखाली असतात, म्हणून मेअखेरीस भरून ठेवलेलेच वापरावे लागते. त्याचे खडे कडक असतात. खलबत्त्यात एकदोनदा ठेचून, कण दाताखाली लागतील इतपत जाड ठेवून, पानावर बसल्यावरच वरून घालावे. भाजण्याआधी घातलेले मीठ वितळून जाते आणि त्याचा कुरकुरीतपणा राहत नाही.

मांडवीकाठची:
आमच्याकडे कांदा, लिंबू आणि पोय (कोंड्याच्या पिठाचा पाव) होती, तोरांचा विचारही मनात आला नाही. सासूबाईंच्या बरणीत आहेत, परवानगी काढावी लागेल.

डिचोलीकर भाचा:
आमच्या घरात रेड्याचे किंवा बैलाचे मांस येत नाही, त्यामुळे सगळे बोकडावरच चालते. बोकडाची नळी भाजता येते, परंतु अपेक्षा बेताच्या ठेवाव्यात. हाड बारीक असल्यामुळे ते उभे चिरण्यात अर्थ नसतो, चिरले तरी आत बोटाएवढीही मज्जा दिसत नाही. मी खाटकाला मागच्या पायाची मांडी आणि नडगी यांचे साधारण तीन इंचांचे आडवे तुकडे करवतीने कापून द्यायला सांगतो. सत्तुराने तोडले तर हाड तडकते, कपच्या मज्जेत घुसतात आणि खाताना दाताला येतात. सांध्याजवळची टोके घेऊ नयेत, तिथले हाड जाळीदार असते आणि मज्जा त्या जाळीत अडकून राहते.

आडव्या तुकड्यांची अडचण अशी की तापल्यावर मज्जा खालच्या तोंडातून गळते. यावर माझी मामी जुना उपाय करते: कणीक घट्ट मळून खालचे तोंड बुचासारखे बंद करायचे आणि नळी उभी ठेवून भाजायची. इंग्रजांच्या जुन्या स्वयंपाकातही नळ्या उकडण्याआधी पिठाने तोंडे बंद करण्याची पद्धत होती, हे नंतर कळले. मामीला त्याचा पत्ता नव्हता आणि सांगितल्यावर तिला विशेष वाटलेही नाही. बोकडाला २२० अंशांवर १२ ते १५ मिनिटे पुरतात. कोवळ्या बोकडाची मज्जा तांबूस असते, कारण लहान वयात लांब हाडांतही रक्त तयार करणारी मज्जा जास्त असते. वय वाढते तशी तिची जागा पिवळसर चरबीची मज्जा घेते. भाजण्यासाठी म्हणून थोडे जून बोकड बरे, मग शागोतीसाठी लोक काहीही म्हणोत.

रिकामटेकडा:
मामींचा पत्ता मिळेल काय? आम्ही पाच जण आहोत, आणि कणीक घरून आणू.

डिचोलीकर भाचा:
मामी श्रावणात मटण करत नाही आणि श्रावण जवळ आला आहे, तेव्हा आपण पाच जणांनी भाद्रपद उलटल्यावर विचारावे.

चुलीपाशी:
ओटीजी, अंश आणि मिनिटे वाचून मला थोडे हसू आले, कारण आमच्या सत्तरी तालुक्यात पावसाचा जोर वाढला की वीज सांगून जात नाही. गेल्या पावसाळ्यात पाहुणे आलेले, नळ्या भिजवून तयार आणि दिवे गेलेले, अशा स्थितीत माझ्या दिरांनी चूल पेटवली. करवंट्या जाळून त्यांचे निखारे होऊ दिले. ज्वाळ असेपर्यंत काही ठेवायचे नाही, कारण वितळलेल्या चरबीचा थेंब ज्वाळेत पडला की भडका उडतो आणि काजळी मज्जेवर बसते. मग बिडाच्या तव्यावर चिरलेल्या फाका मांडल्या, वर लोखंडी झाकण ठेवले आणि थोडे निखारे झाकणावर पसरले. वरून आणि खालून उष्णता मिळाल्यामुळे मज्जेच्या पृष्ठभागावर बदामी रंग आला, जो माझ्या बहिणीच्या विजेच्या भट्टीत कधी येत नाही. वेळ घड्याळाने मोजली नाही. दीर चरचर ऐकत होते, आणि आवाज बारीक झाल्यावर उतरवायचे हे त्यांचे माप होते. करवंटीच्या धुराचा हलका वास त्या मज्जेला लागतो, तो मला आवडतो; ज्यांना आवडत नाही त्यांनी निखारे पूर्ण पांढरे होऊ द्यावेत.

आगरवाडा:
वहिनी, झाकणावर निखारे ठेवण्याची ही युक्ती मी यापूर्वी फक्त बेबिंकेसाठी (थरांच्या गोड पदार्थासाठी) पाहिली होती. नळीसाठी कोणी वापरत असेल असे वाटले नव्हते.

पोयप्रेमी:
वर पोयीचा उल्लेख ओघात झाला, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. पोय आतून पोकळ असते आणि तिच्या कोंड्याच्या पिठाला स्वतःची चव असते. मज्जा तिच्या खिशात भरली तर ती आतच राहते, हाताला लागत नाही, आणि लहान मुलांना देण्यासाठी यापेक्षा सोयीचे काही नाही. परंतु ज्यांना मज्जा पावावर पसरून, वर मीठ आणि कांदा घालून खायची आहे, त्यांनी पोदेराकडून (पाववाल्याकडून) उंडो, म्हणजे कडक सालीचा गोल पाव, घ्यावा, त्याचे जाड काप करावेत आणि कोरड्या तव्यावर कडक भाजावेत. लोणी किंवा तेल मुळीच लावू नये, कारण पावाने चरबी शोषायची असेल तर तो आधी कोरडा हवा. सकाळचा उंडो संध्याकाळपर्यंत थोडा वातड होतो, तो यासाठी ताज्यापेक्षा चांगला. आमच्या वाड्यावरच्या पोदेराची लाकडाची भट्टी पाव काढल्यानंतरही बराच वेळ गरम असते. ओळख असेल तर नळ्यांचा ट्रे तिथे सरकवता येतो, मात्र चरबी भट्टीच्या लादीवर सांडू नये यासाठी खोल कडांचा ट्रे न्यावा, नाहीतर दुसऱ्या दिवशी गावाच्या पावाला मटणाचा वास येईल आणि सोमवार पाळणारी माणसे आपल्याला शोधत येतील.

सोमवार पाळणारी:
येऊच. मी स्वतः मटण खात नाही, पण मुलगा सुटीवर आला की त्याच्यासाठी करते आणि हा धागा त्याच कारणाने वाचत आहे. एक शंका आहे. भिजवण्याचे प्रकरण खरोखर आवश्यक आहे का? फ्रिजमध्ये रात्रभर रक्ताचे पाणी ठेवायला मन घेत नाही.

मांडवीकाठची:
चवीसाठी पाहिले तर फरक थोडा आहे, दिसण्यात मात्र मोठा आहे. मज्जेच्या बारीक वाहिन्यांत राहिलेले रक्त भाजल्यावर करडे-तपकिरी होते आणि डाग दिसतात. लिटरभर पाण्याला चमचाभर मीठ घालून १२ ते २४ तास ठेवले आणि पाणी दोन-तीनदा बदलले की मज्जा हस्तिदंती रंगाची होते. झाकणाचा डबा घेतला तर फ्रिजमध्ये बाकी कशाला वास लागत नाही. मुलगा एकटाच खाणार असेल आणि त्याला डागांचे काही वाटत नसेल, तर निव्वळ धुऊन, करवतीचा हाडाचा भुसा पुसून काढून भाजले तरी चालेल.

डिचोलीकर भाचा:
मी भिजवत नाही. बोकडाच्या नळीत रक्त किती असणार?

रात्रपाळी:
मी परिचारिका आहे, त्यामुळे आमच्या घरात हा पदार्थ झाला की प्रश्न मलाच विचारले जातात. हाड मोडलेल्या माणसाला नळीची मज्जा किंवा हाडांचे पाणी दिल्याने हाड लवकर जुळते, हा समज आपल्याकडे घट्ट आहे. पायाला प्लास्टर असलेल्या माझ्या मोठ्या दिरांना नातेवाईक डबेच्या डबे आणून देत होते. मज्जा ही प्रामुख्याने चरबी आहे आणि चरबीच्या प्रत्येक ग्रॅममागे ९ कॅलरी मिळतात. हाडे उकळलेल्या पाण्यातही कॅल्शियम फार थोडे उतरते, कारण ते हाडात घट्ट बांधलेले असते. सणासुदीला माणशी एक फाक खावी, आनंदाने खावी, पण औषध म्हणून अंथरुणावरच्या माणसाला रोज देऊ नये. दीर मात्र प्लास्टर निघाल्यावरही काही दिवस लंगडत राहिले, डबे थांबतील या भीतीने, असा माझा संशय आहे.

रिकामटेकडा:
दिरांविषयी आदर वाटला.

दुसरे, चमच्याचे काय करावे? साधा चमचा नळीत शिरत नाही. इंग्लंडात सतराव्या-अठराव्या शतकांत यासाठी चांदीच्या लांब, अरुंद पन्हळीचे खास चमचे बनवत असत. आमच्याकडे चांदी बेताची असल्याने मी चमचा उलटा धरून दांड्याने काढतो, आणि पत्नी कुर्ल्यांच्या (खेकड्यांच्या) नांग्या कोरण्याची दाभणासारखी सळई वापरते.

चुलीपाशी:
उभी चिरलेली फाक असेल तर चहाचा लहान चमचा पुरतो. आडव्या तुकड्यांना सळईच बरी, आणि सासरे मंडळी जेवायला नसतील तर ओठ.

पोयप्रेमी:
खाऊन झालेली हाडे कुत्र्याला द्यावीत का? शेजारचा कुत्रा ट्रे बाहेर आल्यापासून कुंपणाशी उभा असतो.

रात्रपाळी:
देऊ नयेत. भाजलेले हाड ठिसूळ होऊन त्याच्या टोकदार कपच्या निघतात आणि त्या कुत्र्याच्या घशाला किंवा आतड्याला इजा करू शकतात.

आगरवाडा:
कुत्र्याला द्यायचीच वेळ येऊ नये, कारण त्या हाडांत अजून पुष्कळ काही असते. मी ती मोठ्या पातेल्यात कांदा, मिरी, दालचिनीचा तुकडा आणि चमचाभर व्हिनेगर घालून मंद आचेवर चार-पाच तास ठेवतो, गाळतो आणि थंड करतो. वर जमलेली चरबीची साय काढून वेगळ्या वाटीत ठेवावी. तिच्यात बटाट्याचे काप परतले तर तेलात परतलेल्यांकडे पुन्हा पाहावेसे वाटत नाही. खालचे पाणी शागोतीत साध्या पाण्याऐवजी घालावे. भाजताना ट्रेमध्ये उतरलेली चरबीही टाकू नये, फक्त करपलेली असेल तर ती कडवट लागते.

मांडवीकाठची:
पाणी आजच उकळायला ठेवते. सासूबाईंनी तोरांची बरणी दिली आहे, पण चार तोरांच्या वर काढायची नाहीत अशा अटीवर, तेव्हा सहा माणसांच्या कोशिंबिरीला ती कशी पुरवावीत ते आगरवाडा यांनी रविवारपूर्वी सांगावे.

आगरवाडा:
दोन तोरां बारीक चिरावीत, आणि चेपणीतले खारे पाणी दोन चमचे कांद्यावर घालावे. पाणी मोजायला सासूबाई बसणार नाहीत.