'सबस्ट्रेट'ला मराठीत काय म्हणावं? (निमित्त: डायपेप्टाइड)

तळटीप
एका मासिकासाठी भाषांतराचं काम हातात आहे. विषय प्रोलिडेझ नावाचं एंझाइम. मूळ वाक्याचा आशय असा, की ग्लायसिल-प्रोलीन हे डायपेप्टाइड (म्हणजे दोन अमिनो आम्लांची जोडी) या एंझाइमची क्रियाशीलता मोजण्यासाठी संशोधनात सबस्ट्रेट म्हणून वापरतात. मी लिहिलं, 'संशोधनात आधारद्रव्य म्हणून वापरतात.' मजकूर तपासणाऱ्या बाई शाळेत विज्ञान शिकवतात. त्यांनी समासात लिहून पाठवलं: 'म्हणजे एंझाइम यावर वाढवतात का? अगारवर जंतू वाढवतात तसं?' त्यांना काय बोलणार! 'आधार' वाचलं की कुणीही हेच समजेल. 'क्रियाधार' करून पाहिलं, तरी आधार काही सुटेना. तुम्ही काय वापरता? जाणकारांनी प्रकाश टाकावा. अंक लवकरच छपाईला जातोय.

पिपेटवाली
आम्ही सबस्ट्रेट म्हणतो. 'सबस्ट्रेट घातलास का?', 'सबस्ट्रेट संपलाय, मागव.' बाकी मराठी शब्द फक्त विज्ञानदिनाच्या फलकावर.

तपासणाऱ्या बाईंची शंका मात्र रास्त आहे. सबस्ट्रेट कुणाला आधार देत नाही, तोच तुटतो. ग्लायसीन आणि प्रोलीन यांच्यात एकच पेप्टाइड बंध असतो. प्रोलिडेझ तो तोडतं, प्रोलीन सुटं होतं, आणि ते किती सुटलं हे आपण मोजतो. नमुना आधी मँगनीज घालून ३७ अंशांवर ठेवायचा, कारण या एंझाइमला मँगनीज लागतं. मग ग्लाय-प्रो घालायचं. ठरल्या वेळी ट्रायक्लोरोॲसिटिक आम्ल ओतलं की एंझाइमचा खेळ खलास. मग आम्लातल्या निनहायड्रिनबरोबर तापवायचं. लालसर रंग येतो, तो ५१५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात वाचायचा. (निनहायड्रिन हातमोजे घालूनच हाताळा. जांभळी बोटं घेऊन लग्नाच्या पंगतीत बसले आहे मी. मेंदी नाही, हे सांगून सांगून दमले.)

बोरूबहाद्दर
'आम्ही सबस्ट्रेट म्हणतो' हे उत्तर नव्हे, शरणागती आहे. शब्द आधी फोडून पाहावा. लॅटिन स्टर्नेरे म्हणजे पसरणे, सब म्हणजे खाली. खाली पसरलेले ते सबस्ट्रेट. आपला स्तृ धातू त्याचाच भाऊबंद. विस्तार, स्तर, आस्तरण ही सगळी त्याची लेकरे, आणि मराठी 'थर' हाही स्तरातूनच आला. म्हणजे 'अवस्तर' किंवा 'अधःस्तर' हे शब्द घरात असताना शेजारी उसनवारी कशाला?

सोलापुरी चादर
आस्तरण म्हणजे अंथरूणच ना बोरूकाका? मग 'ग्लायसिल-प्रोलीन हे प्रोलिडेझचे अंथरूण आहे' असंच छापा. शास्त्रालाही धरून होईल. सबस्ट्रेट कमी असला की एंझाइमचा वेग कमी, वाढवला की वेग वाढतो आणि एका मर्यादेला जाऊन थांबतो. मिखाएलिस आणि मेंटेन यांनी १९१३ साली हे समीकरणात मांडलं. अंथरूण पाहून पाय पसरावे, हे आमच्या आजीला समीकरणाशिवाय ठाऊक होतं.

पेंढारी
अधःस्तर नको. ते भाषावाल्यांनी आधीच बळकावलंय, मराठीखाली द्राविडी अधःस्तर वगैरे.

माझा अळिंबीचा धंदा आहे. आमच्यात सबस्ट्रेट हा रोजचा शब्द, पण तो फक्त प्रशिक्षणात. शेडवर भाताचा असेल तर पेंढा, गव्हाचं असेल तर काड, आणि भिजवून, वाफवून पिशवीत भरलं की बेड. आमचा सबस्ट्रेट दोन्ही कामं करतो. बुरशी त्याच्यावर उभी राहते आणि त्यालाच खाते, म्हणजे तिची एंझाइमं काडातलं सेल्युलोज फोडतात. त्यामुळे 'आधार' हा शब्द आमच्याकडे खोटा नाही. तुमच्या परीक्षानळीत तो खोटा पडतो.

दुरून डोंगर
इकडे जर्मनीत सगळे 'सुब्स्ट्राट' म्हणतात आणि कुणाचं काही अडत नाही.

पण डायपेप्टाइडचा विषय निघालाय आणि एमिल फिशरचं नाव कुणीच काढू नये? फूर्नोला हाताशी धरून त्याने १९०१ मध्ये ग्लायसिल-ग्लायसीन तयार केलं. एंझाइम आणि ते ज्यावर काम करतं तो पदार्थ एकमेकांत कुलूप-किल्लीसारखे बसले पाहिजेत, हेही त्याचंच, १८९४ सालचं. त्याच्या हाताखाली काम केलेला माक्स बेर्गमान ज्यू होता. नाझी आल्यावर १९३३ मध्ये त्याने ड्रेस्डेन सोडलं आणि तो न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत गेला. जाताना सोबत एक युक्ती नेली. झेर्वासबरोबर १९३२ मध्ये त्याने अमिनो गटावर तात्पुरती टोपी घालायची पद्धत काढली होती. त्यामुळे हवी ती अमिनो आम्लं हव्या त्या क्रमाने जोडता यायला लागली. तोवर असं मानत की पेप्सिनला, म्हणजे पोटातल्या एंझाइमला, भलीमोठी प्रथिनंच लागतात, छोट्या तुकड्यांना ते शिवत नाही. बेर्गमान आणि फ्रूटन यांनी ग्लुटामिक आम्ल आणि टायरोसीन यांचं टोपीवालं डायपेप्टाइड पेप्सिनपुढे ठेवलं. पेप्सिनने ते तोडलं.

तर 'संशोधनात सबस्ट्रेट म्हणून' यातला 'संशोधनात' महत्त्वाचा आहे. तळटीप, तुमचा घोळ तिथे आहे, 'आधारद्रव्या'त नाही.

पिपेटवाली
डोंगर, अगदी. हे मी आधीच लिहायला हवं होतं, मेंदीत वाहवले. पेप्सिनला पोटात टोपीवालं डायपेप्टाइड कधी भेटत नाही. ते मापनासाठी बनवलेलं असतं. दुधातल्या केसीनच्या एका साखळीत दोनशेच्या आसपास अमिनो आम्लं असतात. ते दिलं तर एंझाइम कुठे, किती ठिकाणी, कुठल्या क्रमाने तोडतंय याचा पत्ता लागत नाही. नुसती 'क्रिया झाली' एवढंच कळतं. डायपेप्टाइडमध्ये बंध एकच. तो तुटला की एकास एक हिशेब लागतो. शिवाय एक अमिनो आम्ल बदललं की एंझाइमची आवडनिवड कळते. प्रोलिडेझला मागे प्रोलीन नसलेलं डायपेप्टाइड दिलं तर ते सहसा ढुंकून बघत नाही.

उलट बाजूही सांगते. डायपेप्टाइडवर चाललं ते खऱ्या प्रथिनावर तसंच चालेल असं नाही. काही एंझाइमं बंधाच्या दोन्ही बाजूंची चार-पाच अमिनो आम्लं चाचपून मग तोडतात. त्यांना दोनाचा तुकडा देणं म्हणजे त्यांची परीक्षा चुकीच्या विषयात घेणं.

तळटीप
धन्यवाद, हे फारच उपयोगी. पण मग शब्द काय लिहू? 'प्रयोगासाठी दिलेले भक्ष्य'?

बोरूबहाद्दर
भक्ष्य नको, प्रयोगशाळा आहे, गीरचे जंगल नव्हे. उत्तर आपल्या व्याकरणात तयार आहे. भर्तृहरीने वाक्यपदीयात कर्माचे भेद सांगितले आहेत: निर्वर्त्य, विकार्य आणि प्राप्य. जे नव्याने निर्माण होते ते निर्वर्त्य. जे असते आणि क्रियेने बदलते ते विकार्य, जसे लाकूड जाळून राख होते. एंझाइमला आपण पाठ्यपुस्तकात 'विकर' म्हणतोच. मग विकर ज्याला बदलतो ते 'विकार्य', आणि त्यातून निघते ते 'निर्वर्त्य'. सबस्ट्रेट आणि प्रॉडक्ट दोन्ही सुटले, तेही एकाच फटक्यात. आणि आधाराचा मागमूस नाही.

दुरून डोंगर
कबूल करतो, हे सुंदर आहे. वापरणार कुणी नाही, पण सुंदर आहे.

खरवस
सुंदर कसलं! 'आजोबांना विकार्य झालंय' असं वाटतं. 'विकर'मुळेच पोरांचा आधी गोंधळ होतो. माझ्या भाचीने पेपरात 'पोटातील विकारांमुळे अन्न पचते' असं लिहिलं होतं, आणि बाईंनी गुण दिले होते! मराठी विश्वकोशानं एंझाइमच ठेवलंय, ते काय उगाच?

आमच्या खानदेशात कच्च्या पपईला चिरा पाडून चीक काढतात, तो वाळवला की पपेन, तेही एंझाइमच. एंझाइमला 'चीक' म्हणा, सबस्ट्रेटला 'गिऱ्हाईक' म्हणा. गिऱ्हाईक येतं, काम होतं, जातं, दुकान तिथंच. एंझाइमचंही तेच ना?

अवांतर: आईच्या मधुमेहाच्या गोळीच्या पत्रकात 'डायपेप्टिडिल पेप्टिडेझ-४ रोधक' असं काहीतरी आहे. हे तेच डायपेप्टाइड का?

पिपेटवाली
गिऱ्हाईक आवडलं! कामाच्या दिवशी वापरून बघते.

गोळीबद्दल: हो, आणि यात गंमत आहे. डीपीपी-४ हे एंझाइम साखळीच्या पुढच्या टोकाकडून दोन-दोन अमिनो आम्लांचा तुकडा कापतं, विशेषतः दुसऱ्या जागी प्रोलीन किंवा ॲलनीन असेल तर. जेवल्यावर इन्शुलिन वाढवायला मदत करणारं जीएलपी-१ हे संप्रेरक हिस्टिडीन-ॲलनीनने सुरू होतं, म्हणून ते रक्तात दोनेक मिनिटांत निकामी होतं. गोळी त्या कात्रीला अडवते. या वर्गातली पहिली गोळी, सिटाग्लिप्टिन, अमेरिकेत २००६ मध्ये मान्य झाली. गोळीविषयी बाकी काही विचारायचं तर डॉक्टरांनाच विचारा.

आता डीपीपी-४ प्रयोगशाळेत कशावर मोजतात? ग्लायसिल-प्रोलीनलाच पॅरानायट्रोॲनिलीन चिकटवलेला पदार्थ. एंझाइमने प्रोलीननंतर कापलं की पॅरानायट्रोॲनिलीन सुटतं, द्रावण पिवळं होतं, ४०५ नॅनोमीटरवर वाचा. निनहायड्रिन नाही, तापवणं नाही, समोर बसल्याबसल्या पिवळं होताना दिसतं. म्हणजे तीच जोडी, ग्लायसीन आणि प्रोलीन. प्रोलिडेझ त्यांच्या मधोमध कापतं, तिथे ही जोडी सबस्ट्रेट. डीपीपी-४ त्यांना हात लावत नाही, अख्खी जोडी सोडवून देतं, तिथे तीच जोडी प्रॉडक्ट.

बोरूबहाद्दर
म्हणजे एकदा विकार्य आणि एकदा सोडवलेले. माझी परिभाषा इथे किती स्वच्छ चालते पाहा.

दुरून डोंगर
चालत नाही बोरूराव. भर्तृहरीचं निर्वर्त्य नव्याने निर्माण होतं. ही जोडी आधीपासून साखळीत होतीच, नुसती सुटी झाली. राख लाकडात नव्हती.

आणि पिपेटवालीताई, थोडा काटेकोरपणा: पॅरानायट्रोॲनिलीन चिकटवलेलं ते 'डायपेप्टाइड' नव्हे. ते डायपेप्टाइडचं ॲनिलाइड. तुटतो तो बंध दोन अमिनो आम्लांमधला नाहीच.

पिपेटवाली
मी 'चिकटवलेला पदार्थ' लिहिलंय, डायपेप्टाइड नाही. वाचा की नीट.

बोरूबहाद्दर
राखेविषयी विचार करून लिहितो. तोवर आणखी एक: 'डाय' कशाला? द्विदल, द्विपाद, द्विवचन, मग 'द्विपेप्टाइड' का नाही?

सोलापुरी चादर
कारण अर्धी इरकल नि अर्धी जीन्स होते म्हणून. करायचंच तर पेप्टाइडसकट करा.

दुरून डोंगर
शब्द फोडायची हौस असेल तर हिप्प्युरिल घ्या. रक्तदाबाशी संबंधित एसीई नावाचं एंझाइम मोजायला हिप्प्युरिल-हिस्टिडिल-ल्युसीन वापरतात. कुशमन आणि च्युंग यांची १९७१ची पद्धत. एंझाइम शेपटाकडून हिस्टिडिल-ल्युसीन हे डायपेप्टाइड कापून टाकतं, उरतं ते हिप्प्युरिक आम्ल, ते २२८ नॅनोमीटरवर मोजायचं. हे नाव लीबिगने घोड्याच्या मूत्रात मिळालेल्या आम्लाला दिलं. हिप्पोस म्हणजे घोडा, पुढचं तुम्ही ओळखा.

बोरूबहाद्दर
अश्वमूत्राम्ल. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

खरवस
लाजण्यासारखं नाही, पण जेवताना वाचण्यासारखंही नाही!

तळटीप
मंडळी, वाक्य अजून तसंच आहे. 'संशोधनात सबस्ट्रेट म्हणून, म्हणजे एंझाइमने तोडायचा पदार्थ म्हणून' असं केलं तर? लांबलंय, कळतंय. हरकत असेल तर आज रात्रीपर्यंत सांगा.

पेंढारी
खरवसताई, एक विचारायचं राहिलं. चीक काढलेल्या पपयांचं पुढं काय करतात? चिरा पडलेलं फळ बाजारात कोण घेतं?

खरवस
दिसायला वाईट होतात, म्हणून तशा कुणी घेत नाही. पण वाया जात नाहीत. कच्चा गर पाकात मुरवून, रंग घालून टुटीफ्रुटी करतात. बेकरीच्या केकात लाल-हिरवे तुकडे असतात ना, ते.

सोलापुरी चादर
टुटीफ्रुटीला मराठीत काय म्हणायचं? बोरूकाका?

बोरूबहाद्दर
इटालियन शब्द आहे, अर्थ 'सगळी फळे'. तेव्हा 'सर्वफळी'. सोपे आहे.

खरवस
अहो, पण त्यात फळ एकच असतं. पपई.